क्लीनरूम परकी, डिव्हाइस आपलं: तरुण संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी. करताना सेमीकंडक्टर डिव्हाइसवर काम करायचं आहे, पण आपल्या विभागात भट्टी आणि मल्टिमीटर याच्यापुढे काही नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या गाईडसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

आमच्या विद्यापीठात क्लीनरूम नाही. तरी डिव्हाइस संशोधन करता येईल का?

येईल. देशातल्या बहुतेक विद्यापीठांची स्थिती हीच आहे. क्लीनरूम, म्हणजे चिप बनवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा, उभारायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ती चालू ठेवायला त्याहून जास्त चिकाटी लागते. हवा सतत गाळली गेली पाहिजे, तापमान आणि आर्द्रता हलता कामा नये, वायूंचा पुरवठा रात्रंदिवस सांभाळावा लागतो. प्रत्येक विभागाने स्वतःची क्लीनरूम बांधावी हे शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही.

म्हणूनच दुसरी वाट काढली गेली. केंद्र सरकारच्या तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या निधीतून २००६ साली आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या दोन ठिकाणी मिळून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं. ती उपकरणं फक्त त्या दोन संस्थांच्याच कामी येऊ नयेत, म्हणून २००८ मध्ये ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’, म्हणजे आयएनयूपी, सुरू झाला. बाहेरच्या कॉलेजांतले आणि विद्यापीठांतले विद्यार्थी, शिक्षक तिथे येऊन शिकू लागले आणि स्वतःचं डिव्हाइस स्वतः बनवू लागले. पुढे ‘आयएनयूपी-आय-टू-आय’ या नावाने त्याचा विस्तार झाला. आता मुंबई, दिल्ली, मद्रास, खरगपूर, गुवाहाटी या आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था अशा सहा ठिकाणी ही दारं उघडी आहेत. पवईची सोय आपल्या दाराशी असूनही महाराष्ट्रातल्या अनेक विभागांत तिची माहिती नसते, याचं वाईट वाटतं.

सॅम्पल कुरिअरने पाठवून मोजमापं मागवली तर? प्रवास, राहणं, सुट्ट्या, सगळंच वाचेल.

तुमचा पेपर कदाचित होईल. तुम्ही मात्र घडणार नाही.

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच असल्यामुळे जरा सविस्तर सांगते. कुरिअरने पाठवलेल्या सॅम्पलचा आलेख ईमेलने परत येतो. त्यात एक विचित्र वळण दिसतं. ते फिल्ममुळे (पदार्थाच्या पातळ थरामुळे) आलं, कॉन्टॅक्टमुळे (त्यावरच्या धातूच्या जोडामुळे) आलं, की मोजताना सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू राहिल्यामुळे आलं, हे त्या फाइलवरून कळायला मार्ग नसतो. मग पेपरमध्ये त्या वळणाला एखादं भारदस्त कारण चिकटवलं जातं. प्रोब स्टेशनवर (बारीक सुया टेकवून डिव्हाइस मोजायच्या उपकरणावर) स्वतः बसलेला विद्यार्थी दिवा बंद करून पुन्हा मोजतो आणि दोन मिनिटांत त्याला उत्तर मिळतं.

संशोधक घडतो तो अशाच दोन-दोन मिनिटांत. सहयोगी संशोधनाचा अर्थ उपकरण उसनं घेणं एवढाच धरला, तर विद्यार्थी निरोप्या होऊन बसतो. गाईडना माझं आग्रहाचं सांगणं आहे: शक्य असेल तेव्हा सॅम्पलसोबत विद्यार्थीही पाठवा.

प्रशिक्षणाचे टप्पे कसे असतात?

ढोबळमानाने तीन. आधी ओळखीची कार्यशाळा होते. तिच्यात व्याख्यानं आणि प्रयोगशाळेची फेरी असते. त्यानंतर हाताने काम करण्याचं प्रशिक्षण, ज्यात छोटे गट स्वतः क्लीनरूममध्ये उतरतात. आणि तिसरा टप्पा म्हणजे तुमचा स्वतःचा प्रकल्प: प्रस्ताव द्यायचा, तो तपासला जातो, मंजूर झाला की काम सुरू. तारखा, पात्रता, प्रवास आणि निवासाचे नियम वेळोवेळी बदलतात. ते त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा, सिनियरने सांगितलेल्या जुन्या माहितीवर विसंबू नका.

हाताने काम करण्याच्या प्रशिक्षणात नेमकं काय करायला मिळतं?

बहुतेक ठिकाणी पहिलं डिव्हाइस म्हणजे मॉस (मेटल-ऑक्साइड-सेमीकंडक्टर) कपॅसिटर: खाली सिलिकॉन, मध्ये ऑक्साइड, वर धातूचा ठिपका. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण यात जवळजवळ सगळं आलं.

सुरुवात साफसफाईपासून होते. वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) आधी अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीआय वॉटर (आयन काढलेलं शुद्ध पाणी) यांच्या ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवतात, मग पातळ एचएफमध्ये (हायड्रोफ्लोरिक आम्लात) क्षणभर बुडवतात, मग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या द्रावणात. याला आरसीए क्लीनिंग म्हणतात. ही पद्धत १९६५ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत वर्नर केर्न यांनी बसवली आणि आजही जगभर चालते. एचएफमधून बाहेर काढलेल्या वेफरकडे नीट बघा. पाणी पृष्ठभागाला चिकटत नाही, मोत्यांसारखं घरंगळून जातं. ऑक्साइडचा पातळ थर गेला आणि उघडं सिलिकॉन वर आलं, याची ती खूण. कुठे पाणी पसरून राहिलं, तर तिथे अजून काहीतरी शिल्लक आहे.

मग भट्टी. कोरड्या ऑक्सिजनमध्ये ११०० अंशांना तासाभराच्या आसपास ठेवलं की साधारण १०० नॅनोमीटर ऑक्साइड चढतो. तो वरून लिंपलेला नसतो, सिलिकॉन स्वतः खर्ची पडून तयार होतो. जितका ऑक्साइड तयार झाला, त्याच्या जाडीच्या सुमारे ४४ टक्के इतकं सिलिकॉन संपलेलं असतं. राखाडी चकचकीत वेफर बाहेर येताना जांभळट झालेला असतो आणि सिनियर मंडळी त्या रंगावरूनच जाडीचा अंदाज सांगतात. नक्की आकडा अर्थात एलिप्सोमीटरवर, म्हणजे प्रकाशाने थराची जाडी मोजणाऱ्या उपकरणावर, घ्यायचा.

त्यानंतर मागच्या बाजूचा ऑक्साइड काढायचा, दोन्हीकडे ॲल्युमिनियम बसवायचं, पुढच्या बाजूला शॅडो मास्कमधून (भोकं पाडलेल्या पातळ पत्र्यातून) गोल ठिपके पाडायचे. शेवटी हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये ४००-४५० अंशांना ॲनील, म्हणजे काही वेळ तापवत ठेवणं. सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर जे बंध अर्धवट राहिलेले असतात ते या हायड्रोजनने भरून निघतात. ॲनीलच्या आधी आणि नंतर सी-व्ही (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स कसा बदलतो तो वक्र) काढून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

मोजमापात काय बघायचं असतं?

मोजण्याआधी कागदावर गणित मांडा. ऑक्साइड १०० नॅनोमीटर, ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, सिलिकॉन ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.९. म्हणजे ॲक्युम्युलेशनमध्ये (ऑक्साइडखाली सिलिकॉनचे बहुसंख्य चार्ज गोळा होतात त्या स्थितीत) सुमारे ६८ पिकोफॅरड यायला हवेत. आता मीटरवर ८२ दिसले, तर काय समजायचं?

बरेच जण लगेच ‘आमचा ऑक्साइड वेगळाच आहे’ असा निष्कर्ष काढतात. आधी ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. शॅडो मास्क वेफरला घट्ट टेकलेला नसेल तर धातू कडेने पसरतो. व्यास ०.५ ऐवजी ०.५५ मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि ८२ चा हिशेब तिथेच लागतो. मग वेगवेगळ्या व्यासांचे ठिपके मोजा. कपॅसिटन्स क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतोय का पाहा. व्होल्टेज एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. दोन वक्र एकमेकांवर बसले नाहीत तर आत काहीतरी हलतंय किंवा अडकतंय.

हा क्रम अंगवळणी पडला की पुढे टू-डी (जेमतेम अणूभर जाडीच्या) मटेरियलचा ट्रान्झिस्टर असो, मेमरिस्टर (आधी गेलेला प्रवाह ‘लक्षात ठेवणारा’ रोधक) असो की गॅस सेन्सर, तुम्ही आकड्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. साध्या डिव्हाइसपासून सुरुवात करायची ती यासाठी: उत्तर आधी माहीत असतं, त्यामुळे आपली चूक कुठे आहे ते सापडतं. एकदम नव्या पदार्थाचं नवं डिव्हाइस घेतलं, तर पदार्थ बिघडला की आपला हात, हे कळणार कसं?

क्लीनरूमचे नियम इतके कडक का? फोन नाही, पावडर नाही, साधा कागदसुद्धा नाही!

१००० क्लासच्या क्लीनरूममध्ये एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण हजाराच्या वर असता कामा नयेत. माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या त्वचेतून, केसांतून, कपड्यांतून कण झडत राहतात. बनी सूट (डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख) आपल्याला वेफरपासून वाचवण्यासाठी नसतो, वेफरला आपल्यापासून वाचवण्यासाठी असतो.

पण धुळीपेक्षाही मोठी भीती दिसत नाही अशा गोष्टींची. सोडियम हे त्यातलं पहिलं नाव. घामात मीठ असतं, म्हणजे हाताच्या बोटावरही सोडियम असतं. ते ऑक्साइडमध्ये शिरलं की व्होल्टेज आणि उष्णता मिळताच इकडून तिकडे सरकतं आणि ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड (तो चालू होण्याचं व्होल्टेज) हलत राहतो. दुसरं नाव सोन्याचं. सोनं लागलेला वेफर मॉसच्या भट्टीत कधीही जाऊ द्यायचा नाही. तापलेल्या सिलिकॉनमध्ये सोनं झपाट्याने पसरतं आणि चार्ज पकडणारी केंद्रं तयार करतं. एकाने नियम मोडला तर त्या भट्टीतून नंतर जाणाऱ्या सगळ्यांचं काम नासतं, आणि त्यांना त्याचं कारणही कळत नाही. गावच्या पाणवठ्यासारखंच आहे हे, एकाची बेफिकिरी सगळ्यांच्या घागरीत उतरते.

म्हणून लॉगबुक प्रामाणिकपणे भरा. कोणता पदार्थ घेऊन गेलात, कोणती रेसिपी (उपकरणाच्या सेटिंग्जचा ठरलेला क्रम) चालवली, काही बिघडलं का, सगळं लिहा. सामायिक प्रयोगशाळेतली सचोटी तिथे दिसते.

एचएफची भीती वाटते.

वाटायलाच हवी. पातळ एचएफ त्वचेवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि तेवढ्यात ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढायला लागतं. जाड हातमोजे, ॲप्रन, फेसशील्ड यांशिवाय वेट बेंचला (आम्लांचं काम करायच्या ओट्याला) जायचं नाही, आणि एकट्याने तर नाहीच. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलं आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. एचएफ काच खातं, त्यामुळे बीकर टेफ्लॉनचा किंवा प्लास्टिकचा. थेंब पडल्याची नुसती शंका आली तरी लगेच भरपूर पाण्याखाली धुवा, जेल लावा, ओरडून सांगा आणि डॉक्टरांकडे जा. संकोचापायी गप्प राहणं सगळ्यात घातक.

मी फिजिक्सची किंवा केमिस्ट्रीची आहे, इलेक्ट्रॉनिक्सची नाही. चालेल का?

चालेल, नव्हे, हवंच आहे. या विषयाचा पायाच अशा मिश्र गटांनी घातला आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड कंपनीत मॉस ट्रान्झिस्टर अस्थिर का वागतात हे कोडं होतं. त्यावर बसलेल्यांत ब्रूस डील रसायनशास्त्रज्ञ, एड स्नो भौतिकशास्त्रज्ञ आणि अँडी ग्रोव्ह नुकतीच, १९६३ मध्ये, बर्कलीतून रासायनिक अभियांत्रिकीची पीएच.डी. घेऊन आलेला तरुण. ग्रोव्हला सेमीकंडक्टरचा अनुभव जवळपास नव्हताच. या मंडळींनी १९६५ मध्ये, चि-तांग सा यांच्यासह, ऑक्साइडमध्ये सरकणारे सोडियमचे आयन हे त्या अस्थिरतेचं मूळ असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी डील आणि ग्रोव्ह यांनी सिलिकॉनवर ऑक्साइड किती वेळात किती चढतो याचं सूत्र मांडलं. वर सांगितलेला तासाभराचा हिशेब आजही त्याच सूत्राने काढतात. ग्रोव्ह पुढे इंटेलचा प्रमुख झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याची ही आधीची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. नवख्या माणसाला खरं, न सुटलेलं कोडं आणि वेगळ्या विषयाचे जाणकार सोबती मिळाले की काय होतं, ते तिथे दिसतं.

आपल्याकडेही ही सरमिसळ सहज जमण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्म्सची मोठी परंपरा आहे, मेमरिस्टरवरही काम चालतं. फिल्म बनवण्यात मुरलेल्या हाताला लिथोग्राफीची (वेफरवर बारीक नक्षी उमटवण्याच्या तंत्राची) आणि नेमक्या मोजमापाची जोड मिळाली की ‘मटेरियल’ आणि ‘डिव्हाइस’ यांतलं अंतर मिटतं.

आधी काय शिकून जावं?

पी-एन जंक्शन, मॉस कपॅसिटर, बँड डायग्रॅम स्वतःच्या हाताने काढता आले पाहिजेत. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्यानं मोफत आहेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाशी जोडलेल्या नॅनोहब या संकेतस्थळावर डिव्हाइसची सिम्युलेशन्स ब्राउझरमध्येच चालवता येतात. तिथे ऑक्साइडची जाडी बदला, डोपिंग (सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचं प्रमाण) बदला आणि वक्र कसा हलतो ते बघा. त्याला मोठा संगणकही लागत नाही.

मात्र सिम्युलेशन हे तयारीसाठी. प्रयोगाच्या आकड्यांशी जुळेपर्यंत पॅरामीटर फिरवत बसणं म्हणजे समजून घेणं नाही.

इंग्रजी कच्चं आहे, तिथे बोलायला जमेल का?

जमेल. पवईत उपकरण सांभाळणाऱ्यांशी मराठी-हिंदीत बिनदिक्कत बोला. प्रश्न नेमका असेल तर भाषेवरून कोणी अडवत नाही. लॉगबुक आणि अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, तो सराव आधीपासून करा. आणि न समजलेल्या सूचनेला मान डोलावू नका. क्लीनरूममध्ये ते धोक्याचं असतं.

दोन संस्था, दोन गाईड. दोघांची मतं वेगळी असली तर विद्यार्थ्याने काय करावं?

हे होणारच. एका सरांना फिल्मची गुणवत्ता महत्त्वाची, दुसऱ्या मॅडमना कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण विद्यार्थी मधल्या मध्ये भरडला जातो. यावर एकच उपाय मी चालताना पाहिला आहे: तिघांची एकत्र बैठक, आणि बैठकीनंतर विद्यार्थ्याने लिहिलेलं अर्ध्या पानाचं टिपण ईमेलने दोघांना. काय ठरलं, कोण काय करणार, पुढचा रन (डिव्हाइस बनवण्याची एक पूर्ण फेरी) कोणता. वेगवेगळं भेटून वेगवेगळं ऐकून येणं टाळा.

पेपरवर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने, हेही काम सुरू होण्याआधी बोलून घ्यावं. ज्याने रन आखला, केला, मोजला आणि पहिला मसुदा लिहिला, त्या विद्यार्थ्याचं नाव पहिलं असावं. त्यात पदाचा मान आणू नये. उपकरण चालवणाऱ्या तंत्रज्ञांनी रेसिपी बसवायला डोकं लावलं असेल, तर त्यांचाही विचार व्हावा, किमान आभारात नाव तरी यावं. सुविधेचा आणि निधी देणाऱ्या मंत्रालयाचा उल्लेख न विसरता करा.

मुंबईला गेलो आणि डिव्हाइस चाललंच नाही तर? स्लॉट संपला, सुट्टीही संपली.

तर ते का चाललं नाही एवढं तरी घेऊन परत या. त्याची तयारी जाण्याआधीच करायची असते. प्रत्येक पायरीवर एक साक्षीदार वेफर ठेवा, म्हणजे मधल्या पायऱ्या नंतर तपासता येतात. मुख्य सॅम्पलसोबत ओळखीच्या पदार्थाचं एक डिव्हाइस त्याच रनमध्ये घाला. ते चाललं आणि तुमचं नाही, तर दोष प्रक्रियेत नाही, तुमच्या फिल्ममध्ये आहे, हे निदान पक्कं होतं. गाईडनेही अशा न चाललेल्या रनच्या अहवालाला चाललेल्या रनइतकंच महत्त्व द्यावं. ‘रिझल्ट आला का?’ या एकाच प्रश्नाने कितीतरी मुलं आकडे सजवायला शिकतात.

फेलोशिपचं काय?

सीएसआयआर किंवा यूजीसी नेट-जेआरएफ असेल तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि सिनियर झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. एम.टेक.ला गेट परीक्षेच्या आधारे १२,४०० रुपये मिळतात, जे मुंबईत फार अपुरे पडतात आणि हे बदलायला हवं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

या संशोधनातून प्रयोगशाळेबाहेर काही जातं का?

जातं, वेळ लागतो. आयआयटी मुंबई आणि मोहालीची सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानावर ८-बिटची, एकदाच लिहिता येणारी मेमरी विकसित केली. २०२१ मध्ये ती उत्पादनायोग्य म्हणून जाहीर झाली. चिप बनल्यावर प्रत्येकीत थोडा-थोडा फरक राहतो, तो दुरुस्त करणारे आकडे त्याच चिपमध्ये कायमचे नोंदवायला अशी मेमरी लागते. तिच्यात अतिपातळ ऑक्साइडचा थर वापरल्यामुळे लिहिण्यासाठी वाढीव व्होल्टेजची गरज राहत नाही. म्हणजे पुन्हा तोच ऑक्साइड, ज्याच्यापासून तुमचं प्रशिक्षण सुरू झालं.

पुढे नोकरी?

देशात गुजरातमध्ये धोलेराला फॅब (चिप बनवण्याचा कारखाना), साणंद आणि आसामातल्या जागीरोडला चिपची जुळणी व चाचणी, असे प्रकल्प मंजूर झाले आहेत. तिथे डिझाइनरांइतकीच प्रोसेस, यील्ड (बनवलेल्यांपैकी चालणाऱ्या चिपचं प्रमाण) आणि तपासणीची जाण असलेली माणसं लागतात. मुलाखतीत पेपरांची यादी दाखवताना एक रन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची तयारी ठेवा: कुठे अडलं, कसं शोधलं, पुढच्या वेळी काय बदललं.

अर्ज करताना प्रस्तावात काय असावं?

एक स्पष्ट प्रश्न, डिव्हाइसचं आडवा छेद दाखवणारं चित्र, पायऱ्यांचा क्रम, प्रत्येक पायरीला लागणारं उपकरण, आणि तुम्ही आत नेणार त्या प्रत्येक पदार्थाचं नाव. शेवटचा मुद्दा विसरलात तर प्रस्ताव तिथेच अडकतो, कारण कोणत्या भट्टीत काय जाऊ द्यायचं हे त्यावर ठरतं. ‘नॅनोकंपोझिट फिल्म’ एवढं मोघम लिहू नका, आत झिंक ऑक्साइड आहे, चांदी आहे की सोनं, ते लिहा.